रस्ता तिला येतो, आता जमीन शिकू द्या

डिचोलीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी फर्मागुडीच्या कॉलेजातून सिव्हिल इंजिनीअर झाली, पर्वरीत एका कन्सल्टंटकडे नोकरी करते. आता तिला शाश्वत शहरांमधला जमीनवापर आणि वाहतूक या विषयात पीएच.डी. करायची आहे. आई विचारते, चांगली नोकरी सोडून बस आणि जमिनीवर पाच वर्षं घालवली तर पुढे काय? आणि लग्नाचं? रविवारीसुद्धा ती म्हापशाच्या बसस्टँडवर वही घेऊन उभी असते, असंही त्यांनी लिहिलंय.

नमस्कार ताई,

वहीचं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंत, मला मात्र अख्ख्या पत्रात तीच ओळ सर्वांत आवडली. कुठली बस भरेपर्यंत किती वेळ थांबते, गावाकडची शेवटची गाडी कधी सुटते, ती चुकली तर लोक पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, करतात की कुणाला तरी फोन लावतात, हे कुणी न सांगता टिपणाऱ्या मुलीची ओढ खरी आहे. तरीही माझं मत स्पष्ट आहे. तिने इतक्यात पीएच.डी.ला जाऊ नये. आधी दोन वर्षांचं एम.प्लॅन (नियोजनातली पदव्युत्तर पदवी) किंवा एम.टेक. करावं.

सिव्हिलमध्ये तिला रस्ता बांधायला शिकवलं, त्यावरून जाणाऱ्या गाड्या मोजायला शिकवलं. पण त्या गाड्या तिथे का येतात, याचं उत्तर रस्त्याकडेच्या जमिनीत असतं. जिथे पोचणं सोपं होतं तिथे वस्ती लवकर वाढते, हे अभ्यासक वॉल्टर हॅन्सन यांनी १९५९ मध्येच मांडलं. वस्तीमागून गाड्या येतात, मग रस्ता रुंद करा म्हणून मागणी होते आणि रस्ता रुंद झाला की आतली जमीनही विकायला निघते.

गोव्यात हे बघायला लांब जावं लागत नाही. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. तो ज्या पेडणे तालुक्यात आहे तिथली एखादी बागायत घ्या. कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या सरकारी प्रादेशिक आराखड्यात ती कुठल्या रंगात आहे? एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीत, मालक कोण, कूळ कोण? भूरूपांतराचा, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करून घेण्याचा, अर्ज कधी पडला? आणि जवळचा बसथांबा तिथून किती चालत? हे सगळं एकत्र वाचता येणं म्हणजे हा विषय येणं, आणि ते सिव्हिलच्या चार वर्षांत शिकवत नाहीत. लोकांच्या आंदोलनामुळे २००७ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ रद्द झाला. २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात आराखड्यातला जमिनीचा झोन बदलण्याची मुभा देणारं १७(२) कलम आलं आणि तो वाद उच्च न्यायालयात गेला. जमिनीवरून इतकं रान पेटतं, पण बसने फिरणाऱ्या माणसाची बाजू त्यात फारशी ऐकू येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमची मुलगी ती बाजू अभ्यासाने मांडू शकेल.

आता पैशांचं. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिना १२,४०० रुपये मिळतात. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, शिवाय घरभाडे भत्ता. शिष्यवृत्तीशिवाय पीएच.डी. करू देऊ नका, एवढं मात्र मी आग्रहाने सांगेन. वाहतूक नियोजनातल्या एम.प्लॅनसाठी दिल्लीची एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) आणि वाहतुकीच्या एम.टेक.साठी आयआयटी मुंबई बघा. पीएच.डी.साठी पुढे बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये वाहतूक आणि शहर नियोजनाचं वेगळं केंद्रच आहे. प्रवेशाआधी मार्गदर्शकाचे दोन-तीन शोधनिबंध तिने वाचावेत आणि त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोलावं. संस्थेच्या नावापेक्षा हे महत्त्वाचं.

पुढे काय, तर नुसत्या एम.प्लॅनवरही नगरनियोजन खाती, सल्लागार कंपन्या, आयटीडीपी किंवा डब्ल्यूआरआयसारख्या शहर आणि वाहतुकीवर काम करणाऱ्या संस्था यांची दारं उघडतात. दोन वर्षांनी तिला वाटलं की संशोधन नको, तर काही बुडत नाही. एम.प्लॅन आधी करायचा माझा आग्रह यासाठीही आहे. प्राध्यापकी किंवा संशोधनच करायचं असेल तर मात्र पीएच.डी. लागेलच.

लग्नाचं तिलाच विचारा. त्यावर मी बोलणं बरं नाही.

नोकरी आताच सोडायची गरज नाही. गेटची नोंदणी साधारण ऑगस्टअखेरीस सुरू होते, परीक्षा फेब्रुवारीत. सिव्हिलच्या पेपरसोबत आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगचा पेपरही देता येतो का, हे तिने या वर्षीच्या माहितीपत्रकात बघून घ्यावं. तोवर क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर शिकून वहीतले थांबे नकाशावर चढवायला लागावं.