शेजारी देशांत अन्नाचा व्यापार वाढला तर अन्नसुरक्षा वाढते का?

वाढते, पण विकणाऱ्याने मध्येच दार लावून घेतलं नाही तरच.

मी पिंपळगाव बसवंतला कांद्याची खरेदी करतो. 14 सप्टेंबर 2020 ला निर्यातबंदी आली तेव्हा माझी 25 टनांची गाडी पश्चिम बंगालच्या सीमेवर घोजाडांग्याला रांगेत होती, पलीकडे बांगलादेशचं भोमरा. माल उन्हाळ कांदा, पाच महिने चाळीत, म्हणजे वारा खेळणाऱ्या कांद्याच्या कोठीत, राखलेला. चाळीत कांदा टिकतो तो वाऱ्यावर. ताडपत्रीखाली, बंगालच्या दमट हवेत तो किती दिवस तग धरणार? पाचव्या दिवशी ड्रायव्हरचा फोन आला, "शेठ, गोण्यांना पाणी सुटलंय." नंतर काही गाड्या सोडल्या, त्यात माझी नव्हती. निम्मा माल तिथेच फेकला, उरलेला निवडून मिळेल त्या भावाने दिला. दोन शेतकऱ्यांचे पैसे मी दिवाळीनंतर देऊ शकलो. ते दोघं एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

बांगलादेशचा मुख्य कांदा मार्च-एप्रिलला निघतो आणि सप्टेंबरपर्यंत सरत येतो. नेमका तेव्हा आमच्या चाळीत माल असतो. याहून चांगलं गिऱ्हाईक कुठलं? पण आम्ही 2019 च्या सप्टेंबरातही बंदी घातली होती. ढाक्यात कांदा किलोला 200 टाक्यांच्या वर गेला, विमानाने आणावा लागला. त्यांच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत म्हणाल्या होत्या, आधी कळवलं असतं तर दुसरीकडून सोय केली असती. बरोबरच होतं त्यांचं. मग त्यांनी तुर्कस्तान, इजिप्त, पाकिस्तानकडून कांदा घेतला, स्वतःची लागवड वाढवली. आता घरचं पीक आलं की तेच आपल्या कांद्याची आयात रोखतात.

माझे पुण्याचे मेहुणे दर वेळी म्हणतात, "आधी आपल्या लोकांचं पोट." दाजी, बंदी आली की लिलावात भाव दुसऱ्या दिवशी पडतो, तुमच्या भाजीवाल्याकडे उतरायला आठवडे लागतात. आणि हात पोळलेला शेतकरी पुढच्या हंगामात कांदा कमी लावतो, मग महाग कांदा तुम्हीच खाता. शेतकरी आपल्या लोकांत धरत नाही का?

2020 ला कर्नाटकातला खरीप कांदा पावसाने गेला होता, हे खरं. सरकारला धास्ती वाटणं समजू शकतो. पण महिनाभर आधी सांगा, आणि भरून निघालेल्या गाड्या तरी जाऊ द्या. हे सगळं कांद्याचं सांगतोय. तांदूळ-गव्हाची सरकारी कोठारं असतात, तिथला हिशेब वेगळा.