वाचकांचे प्रश्न : सॅन ताब्यात घेण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न : वेर्णे औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कंपनीच्या संगणक विभागात मी काम करतो. आमच्या डेटा सेंटरसाठी नवे स्टोरेज एरिया नेटवर्क (सॅन), म्हणजे सर्व्हरना सामायिक साठवण पुरवणारे स्वतंत्र जाळे, आले आहे. त्यात दोन कंट्रोलरचा, एसएसडींचा एक स्टोरेज ॲरे (अनेक डिस्क एकत्र चालवणारी पेटी) आणि सर्व्हर त्याला जोडणारे ३२ जीबीपीएसचे दोन फायबर चॅनल स्विच आहेत. पुरवठादाराच्या अभियंत्याने ४ तास चाचणी घेतली, सेकंदाला ५ लाख आयओ (वाचन-लेखनाच्या मागण्या) होत असल्याचे दाखवले आणि स्वीकृतिपत्रावर सही मागितली. चवथीच्या सुट्टीत सगळा डेटा नव्या यंत्रणेवर हलवायचा आहे. एवढ्या चाचणीवर सही करावी काय?

उत्तर : करू नये. दाखवलेला आकडा खोटा असेल असे मी म्हणत नाही, परंतु तो कोणत्या परिस्थितीत निघाला हे कळल्याखेरीज त्यावरून काहीच ठरवता येत नाही. असा आकडा बहुधा ४ केबीच्या ब्लॉकने, केवळ वाचन करून आणि कंट्रोलरच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या जलद स्मृतीत) मावेल एवढ्याच लहान भागावर काढलेला असतो, त्यामुळे काम एसएसडीपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय रांगेत किती मागण्या ठेवल्या होत्या, हेही विचारावे. एका वेळी १,०२४ मागण्या रांगेत ठेवून ५ लाख आयओ काढले असतील, तर साध्या भागाकाराने प्रत्येक मागणीला सरासरी २ मिलिसेकंद लागले असे निघते. डेटाबेसचा लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंदवही, एकामागून एक लिहिला जातो आणि आधीचे लेखन पुरे झाल्याशिवाय पुढचे सुरू होत नाही. तेव्हा त्याच भाराखाली त्या लॉगच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम ५०० लेखने येतील. आपल्या वापरकर्त्यांना जाणवणार आहे तो हा विलंब. ५ लाखांचा आकडा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून सध्याच्या यंत्रणेवरचा भार आधी मोजावा, आणि त्यात महिनाअखेरीचे दिवस अवश्य धरावेत. वाचन आणि लेखन यांचे प्रमाण, ब्लॉकचा आकार आणि रांगेची लांबी या तीन गोष्टी हाती आल्या की एफआयओ किंवा व्हीडीबेंच यांपैकी भारचाचणीचे एखादे साधन वापरून तसाच भार नव्या ॲरेवर उभा करता येतो. चाचणीचा डेटा कॅशच्या कितीतरी पट मोठा असावा, ऑपरेटिंग सिस्टिमची कॅश वगळलेली असावी आणि लिहिला जाणारा मजकूर शून्यांचा नसावा. कारण कॉम्प्रेशन आणि डिडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवणे) करणारा ॲरे शून्ये डिस्कवर लिहीतच नाही आणि वेग मात्र भरघोस दाखवतो. नव्या कोऱ्या एसएसडीचा सुरुवातीचा वेगही टिकत नाही, कारण रिकामे ब्लॉक संपले की जुने पुसून मगच नवे लिहावे लागते. एकेका एसएसडीच्या मापनासाठी स्निया या संस्थेने घालून दिलेली रीत अशी की आधी क्षमतेच्या दुप्पट लेखन करावे आणि मगच मोजायला घ्यावे. संपूर्ण ॲरेसाठीही निदान एकदा तो पूर्ण भरून घ्यावा, असे माझे मत आहे. अहवालात सरासरी विलंबाबरोबर ९९ टक्के मागण्या किती वेळात पुऱ्या झाल्या हा आकडाही मागावा, कारण तक्रारी उरलेल्या एका टक्क्यातून येतात.

वेगाचे एवढे पुरे. मला खरी काळजी वाटते ती पुढच्या चाचणीची, जी बहुतेक ठिकाणी घेतलीच जात नाही. काही वर्षांपूर्वी गोव्यातल्याच एका कार्यालयात सॅन बसवताना मी हजर होतो. कागदोपत्री सगळे दुहेरी होते. जूनच्या पहिल्या पावसात विजा कडाडल्या, वीज गेली, दोनपैकी एक यूपीएस बंद पडला आणि त्याबरोबर संपूर्ण ॲरेच बंद झाला. रॅकच्या मागे वाकून टॉर्चच्या उजेडात पाहिले तेव्हा ॲरेच्या दोन्ही पॉवर सप्लायच्या काळ्या तारा एकाच पट्टीत शेजारीशेजारी खोचलेल्या दिसल्या. दुसरी पट्टी रिकामी होती आणि तिच्यावरचा हिरवा दिवा चालू होता. डेटाबेस तपासून पुन्हा सुरू व्हायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उजाडली. सही करण्यापूर्वी एक तार उपसून पाहिली असती तर हे दोन मिनिटांत कळले असते, याची चुटपुट मला अजून आहे.

तेव्हा खरा डेटा येण्यापूर्वी, आपल्या नेहमीच्या भाराइतका भार चालू ठेवून, एकेक गोष्ट मुद्दाम तोडून पाहावी. सर्व्हरच्या एका एचबीएतील (सॅनला जोडणाऱ्या कार्डातील) फायबर काढावी आणि दर सेकंदाचा विलंब पडद्यावर पाहत राहावे. मल्टिपाथ, म्हणजे एक मार्ग तुटल्यास दुसऱ्याने काम नेणारी सोय, नीट बसवलेला असेल तर आलेख काही क्षण उसळतो आणि पूर्ववत होतो. नसेल तर एकही मागणी पुरी होत नाही आणि तो सपाट शून्यावर येऊन थांबतो. लिनक्समध्ये डिस्कच्या एका आज्ञेची मुदत मुळात ३० सेकंदांची असते, आणि तेवढ्या वेळात वरचे ॲप्लिकेशन हात टेकू शकते. केबल परत लावल्यावर तो मार्ग आपोआप वापरात येतो का, हेही पाहावे. कारण परत न आलेला मार्ग कुणाच्या लक्षात येत नाही आणि पुढच्या बिघाडाच्या वेळी तो नसतो. यानंतर दुसऱ्या बाजूची केबल, मग एक संपूर्ण स्विच, मग एक कंट्रोलर, एक पॉवर सप्लाय आणि एक एसएसडी अशा क्रमाने जावे. दोन्ही कंट्रोलर ६० टक्के व्यग्र असतील तर एकट्याला ते सगळे पेलणार नाही, ही गोष्ट कंट्रोलर बंद केल्यावरच ध्यानात येते. प्रत्येक तोडफोडीनंतर, लिहिलेला डेटा तसाच वाचता येतो का हे त्याच साधनांतील पडताळणीच्या सोयीने तपासावे.

तुटलेल्या केबलपेक्षा अर्धवट चालणारी केबल जास्त त्रास देते. कनेक्टरच्या टोकावर धूळ असली तर लिंक चालूच राहते, पण सीआरसी त्रुटी (वाटेत बिघडलेल्या डेटाची नोंद) वाढतात आणि त्या एका मार्गावरचे काम मंदावते. म्हणून चाचणीच्या आधी आणि नंतर स्विचच्या प्रत्येक पोर्टवरील त्रुटींचे आकडे व एसएफपीला (पोर्टमध्ये बसणाऱ्या, प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागाला) मिळणाऱ्या प्रकाशाची पातळी लिहून ठेवावी. ३२ जीबीपीएसला ओएम३ प्रकारची फायबर केबल ७० मीटरपर्यंत आणि ओएम४ प्रकारची १०० मीटरपर्यंतच चालते; जुन्या वायरिंगवरच नवे स्विच जोडले असतील तर हे आवर्जून मोजावे. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत न वापरलेल्या पोर्टवरच्या टोप्या काढून ठेवू नयेत. या सगळ्याला ४ तास पुरत नाहीत. निदान ३ दिवस सलग भार चालवावा, आणि चवथीपूर्वी तेवढा वेळ मिळत नसेल तर स्थलांतराची तारीख पुढे ढकलावी.

प्रश्न : पणजीतील आमच्या कार्यालयात १० जीबीपीएसचे नेटवर्क आहे. फायबर चॅनलचा खर्च टाळून त्याच नेटवर्कवर आयस्कझी (साध्या नेटवर्कवरून स्टोरेज वापरण्याची पद्धत) वापरले तर चालेल का? चाचणी कशी करावी?

उत्तर : आयस्कझीचे मानक २००४ मध्ये आले आणि तेव्हापासून ते सर्रास वापरले जाते, तेव्हा तंत्राबद्दल शंका नको. परंतु कर्मचाऱ्यांच्या संगणकांची वाहतूक आणि स्टोरेजची वाहतूक एकाच स्विचमधून नेऊ नये. दोन स्वतंत्र स्विच घ्यावेत, निदान स्वतंत्र व्हीलॅन (एकाच स्विचवरचे वेगळे आभासी नेटवर्क) तरी करावे. जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पॅकेट) वापरणार असाल तर ९,००० बाइटची मर्यादा सर्व्हर, स्विच आणि ॲरे या तिन्ही ठिकाणी हवी. ती आहे का हे पाहण्यासाठी पॅकेटचे तुकडे न करण्याचा पर्याय देऊन ८,९७२ बाइटचा पिंग (चाचणीचे पॅकेट) पाठवावा, कारण उरलेले २८ बाइट हेडरना लागतात. हा पिंग पोहोचला नाही तर वाटेत कुठेतरी मर्यादा १,५०० च राहिली आहे. तोडफोडीची चाचणी वर सांगितल्याप्रमाणेच.

प्रश्न : आमचे डेटा सेंटर म्हापशाला आहे आणि मडगावला दुसरी प्रत ठेवायची आहे. प्रत्येक लेखन दोन्हीकडे एकाच वेळी झाले तर कामाचा वेग किती घटेल?

उत्तर : फायबरमधून प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. वाटेची लांबी ६० किलोमीटर धरली तर जाऊन येण्यास ०.६ मिलिसेकंद लागतील, आणि एका लेखनासाठी दोन फेऱ्या घालणारी यंत्रणा असेल तर त्याच्या दुप्पट. रस्त्याचे अंतर यासाठी धरू नये. सेवा देणाऱ्या कंपनीकडून फायबरची प्रत्यक्ष लांबी लेखी घ्यावी. त्याच वेळी मार्गाचा नकाशाही मागावा. आपल्या दोन्ही लाइन कुठ्ठाळीच्या पुलावरून झुवारी ओलांडत असतील तर त्या दोन धरता येत नाहीत. एक तिथून आणि दुसरी बोरीच्या पुलावरून जात असेल तरच त्या झुवारीपुरत्या वेगळ्या झाल्या. मांडवीच्या बाबतीतही हेच विचारावे. त्यानंतर एखाद्या रात्री कंपनीला जवळची लाइन तासभर बंद ठेवायला सांगून, लांबच्या वाटेवरून लेखनाचा विलंब किती होतो ते मोजावे, आणि तोच आकडा आपल्या वापरकर्त्यांना सांगावा.