आईची बोटं मशीननं उघडतील का?

प्रश्न: ताई, आईच्या अंगावरून वारं जाऊन चार महिने झाले, उजवी बाजू गेली होती. आता काठी धरून चालते पण बोटं मिटलेलीच. जन्मभर विड्या वळल्या तिनं. बेळगावात एका ठिकाणी सांगितलं, डोक्याला मशीन लावून मेंदू जागा करतात, ऑपरेशन नाही काही नाही. बहीण दागिने मोडायला निघालीय. काय करू?
— एक वाचक, निपाणी

उत्तर: दादा, दागिने आज मोडू नका, आधी हे वाचा.

मशीन खोटं नाही. डोक्याजवळ कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, धरतात, टकटक आवाज येतो आणि चुंबकानं आत मेंदूत बारीक करंट तयार होतो. 1985 ला इंग्लंडात शेफील्डला अँथनी बार्कर यांनी हे करून दाखवलं, डोक्यावर नुसती कॉइल धरली आणि माणसाचा हात हलला. उजवी बाजू गेली म्हणजे आईचा मार डाव्या मेंदूला बसलाय, आणि अशा वेळी चांगला उजवा मेंदू त्याला जास्तच दाबून धरतो असं मानतात, म्हणून उजव्या बाजूला सेकंदाला एक असे सावकाश ठोके देऊन त्याला शांत करतात. युरोपातल्या तज्ज्ञांनी 2020 मध्ये पहिल्या सहा महिन्यांत हातासाठी याची शिफारसही केलीय, म्हणजे तुमची वेळ गेलेली नाही.

पण 2018 चा अमेरिकेतला अभ्यास बघा. 199 पेशंट, काहींना खरं मशीन, काहींना नुसतं लावल्यासारखं केलं, हाताचा व्यायाम मात्र सगळ्यांकडून करून घेतला. दोन्हीकडं साधारण तिघांतले दोघं सुधारले! म्हणून मला कळकळीनं सांगावंसं वाटतं, व्यायाम सोडून नुसत्या मशीनला पैसे देऊ नका. सेशन झाल्याझाल्या हाताचा व्यायाम कोण घेणार, किती वेळ, हे विचारा, आणि उत्तर नीट मिळालं नाही तर उठून या. आईला कधी फिट आली असेल, पेसमेकर असेल, ऑपरेशनमध्ये डोक्याच्या आत धातूची क्लिप बसवलेली असेल तर ते न विचारता सांगा, त्यात धोका असतो.

आणि घरचं आजच सुरू करा. तिचं विड्यांचं सूप माळ्यावर टाकलं असेल तर खाली काढा, मांडीवर द्या, तंबाखू नको, नुसती पानं. आधी एक पान उजव्या हातात धरायचं आणि सोडायचं. सोडताना बोटं अडतील, तिथं तुम्ही जोर लावून ओढू नका, थांबा, तिची तिला उघडू दे. असं सकाळ-संध्याकाळ, दमेपर्यंत नाही, दमायच्या थोडं आधीपर्यंत. पान सुटायला लागलं की मग वळायला सांगा.