अडचणीच्या काळात ख्रिस्ती विश्वासातून रोजचा आनंद कसा मिळवायचा?

जय ख्रिस्त, ताई. तुम्ही लिहिलंय की मिस्टरांची नोकरी गेली, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, आणि चर्चमध्ये जो तो "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" एवढं वचन ऐकवून पुढे जातो. तर हा आनंद रोज आणायचा कुठून?

मी सोलापूरची. आमचे हे टॉवेलच्या कारखान्यात होते, आता डायलिसिसवर आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतात म्हणून निभतंय. तेव्हा काठावर बसून सांगत नाहीये.

आधी त्या वचनाचं बघू. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातला चौथा अध्याय, प्रेषित पौलाने कैदेतून लिहिलेला, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच पत्राचा दुसरा अध्याय मात्र फारसं कुणी वाचून दाखवत नाही. तिथे पौल सांगतो की त्याचा सोबती मरता मरता वाचला, देवाने दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे आनंद करा म्हणणाऱ्याच्या पदरी दुःख होतंच, आणि त्याने ते झाकलं नाही. लाजर या मेलेल्या मित्राच्या कबरेशी येशू रडला, तेही त्याला आता उठवणार हे माहीत असताना. त्यामुळे रडणं म्हणजे अविश्वास असं कुणी म्हटलं तर ऐकून सोडून द्या.

स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र काढा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत चार वेळा "कुठवर?" म्हणून देवालाच जाब विचारलाय, आणि शेवटच्या वचनात तोच माणूस गातोय. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात तर शेवटीही उजेड नाही, अंधारातच संपतं. तेही पवित्र शास्त्रात ठेवलंय. माझा अनुभव असा, की तक्रार आधी मोठ्याने देवापुढे मांडली की मग उपकारस्तुती खोटी वाटत नाही.

आता रोजचं. आमच्याकडची कडक भाकरी एकदा करून ठेवली की कितीतरी दिवस टिकते. हा आनंद तसा साठवता येत नाही, तो मान्नासारखा, म्हणजे देवाने इस्राएली लोकांना रानात रोज दिलेल्या अन्नासारखा. बायबलमधल्या निर्गमच्या सोळाव्या अध्यायात लोकांनी मान्ना उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडले. प्रभूच्या प्रार्थनेतही आपण रोजची भाकर आजच्यापुरतीच मागतो. म्हणून पुढच्या महिन्याचं भाडं, पुढच्या वर्षीची फी, यांच्यासाठी लागणारं धैर्य मला आज सापडत नाही, आणि मी ते शोधतही नाही.

आम्ही दोघं रात्री झोपण्याआधी देवाचे आभार मानावेत अशी एकेक गोष्ट सांगतो. अट एकच, ती आजचीच हवी आणि बारीक हवी. "देवाने श्वास दिला" असलं भाषण चालत नाही. डायलिसिसची सुई पहिल्याच वेळी नीट लागली. शेजारच्या विडी वळणाऱ्या तेलुगू मावशींनी अंबाडीची भाजी दिली. नळाला चक्क दिवसा पाणी आलं (सोलापूरकरांना यातला चमत्कार कळेल). एखाद्या दिवशी काहीच सुचत नाही, तेव्हा प्रभूची प्रार्थना म्हणून दिवा बंद करतो.

दुसरं म्हणजे गाणं, मनात नाही तर आवाज काढून. पौल आणि त्याचा सोबती सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गात होते. मी मध्यरात्री पाणी भरताना गाते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे अभंग यासाठी फार सोयीचे. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग-ओवीची चाल सोडली नाही, त्यामुळे हात कामात असले तरी ओळी तोंडात बसतात. चर्चच्या कोयरचे (गायकवृंदाचे) चार सुरांतले अवघड प्रकार मला घागर उचलताना जमत नाहीत.

आणि पंडिता रमाबाईंचं आयुष्य जरूर वाचा. आई-वडील दुष्काळात गेले, भाऊ १८८० मध्ये, नवरा १८८२ मध्ये. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं, तिथे त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. एप्रिल १९२२ मध्ये स्वतः गेल्या, त्याआधी बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी पूर्ण केलं होतं. मला त्यांच्यात हसरेपणा दिसत नाही, रोजच्या कामाला बसणं दिसतं. तुमच्यासारखीला आनंदाचा हा प्रकार जास्त उपयोगी पडेल असं वाटतं.

एक गोष्ट गंभीरपणे. झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर फक्त प्रार्थनेवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. औषध घेतल्याने विश्वास कमी होत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

आणि पुढच्या वेळी चर्चमध्ये कुणी वचन ऐकवून निघालं, तर त्यांना थांबवून सांगा, "सासूबाईंजवळ गुरुवारी दोन तास बसाल का?" महिला मंडळात हेच उभं राहून मागा. आमच्याकडे मी मागितल्यापासून डायलिसिसच्या दिवशीचा डबा कुणी ना कुणी पाठवतं, फक्त मीठ कमी घाला हे दर वेळी सांगावं लागतं.