आधी फाइल बघ

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. संस्थेतली अपंग, निराधार मुलं ओढणी सोडत नाहीत म्हणून पाय निघत नाही, आणि संस्थेच्या नोंदणीचं विचारलं तर संचालक दुखावले, म्हणून तिथं मन रमत नाही. जाऊ की राहू, असं विचारतेस.

राहा. पण नुसती माया करायला राहू नकोस. माया बेळगावातून दर रविवारी गाड्या भरून येते. केक, कुंद्याचे बॉक्स, पोरांना मांडीवर घेऊन फोटो, आणि दिवेलागणीच्या आत सगळे घरी. (अशा मुलांची ओळख जगजाहीर करणं 2015 च्या बाल न्याय कायद्यानं गुन्हा आहे. त्या मंडळींना हे तोंडावर सांग.)

तू फाइल बघ. एकेका मुलाची. मुलाला संस्थेत ठेवायचा बाल कल्याण समितीचा आदेश आहे का? अपंगत्वाचा दाखला, यूडीआयडी कार्ड म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, आधार? निरामय हा सरकारी आरोग्य विमा काढलाय का? मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाला त्यात वर्षाला 1 लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो. दाखला नसेल तर विमा नाही. इतकं सरळ आहे, तरी कपाटात कोरी फाइल निघते आणि भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी पाटी.

तुला वाटेल, म्हातारा कागदं काय घेऊन बसलाय. मी ज्या संस्थेत जायचो तिथंही मला मागून ‘कारकून’ म्हणत. म्हणू देत. एका रात्री तिथल्या एका पोराला फिट आली. कुणी कांदा हुंगवला, कुणी दातात चमचा घालायला निघालं. खरं तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठायचा. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, वजन किती, औषध कुठलं, किती एमएल, शेवटचं कधी दिलं? सगळं ठाऊक असलेली मावशी सुट्टीवर गावाला. पोरगं नशिबानं वाचलं, आणि नशिबावर चालणारी संस्था मला चालत नाही. दुसऱ्या दिवशी मी शंभरपानी वही आणली. एका पोराला एक पान: वजन, औषध, मात्रा, फिटची तारीख आणि मिनिटं, कसं भरवायचं. ‘टेकून बसवावे, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, गिळल्याशिवाय पुढचा नाही. आडवं पाडून भरवू नये.’ हे ज्या पानावर आहे ना, त्या पानाला मी माया म्हणतो. मग मला कुणी कारकून म्हणो.

सल आहे ती वेगळीच. तिथली एक मतिमंद मुलगी 18 पूर्ण झाली. ऑपरेशनच्या कागदावर सही कुणाची, तर कुणाचीच नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो, नोंदणीकृत संस्थेलाही करता येतो. मी तिथल्या संचालकांच्या मागे लागून लागून थकलो. ‘आम्हीच तिचे आईबाप’ हे एकच पालुपद. आईबाप असाल हो, पण सही चालत नाही ना! तुझी वरच्या वयाची पोरं कोण, त्यांची जन्मसालं आजच काढ.

नोंदणीचंही तेच. बाल न्याय कायद्याच्या कलम 41 प्रमाणं ती लागतेच, खासगी असो की सरकारी. संचालक दुखावतात म्हणून प्रश्न गिळू नकोस. गोड बोलून विचार, पुन्हा विचार. टाळतच राहिले तर सरळ बाल कल्याण समितीकडं जा. त्यात गद्दारी कसली?

आणि कन्नड येत नाही हे रडगाणं पुरे. मीही मराठी शाळेतलाच. 1 नोव्हेंबरला, सीमाभागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिनी, काळी पट्टी लावून फेरीत चालतो, त्यात तडजोड नाही. पण तालुक्याच्या कचेरीत फॉर्म कन्नडात येतो आणि पोराचं काम त्याच फॉर्मवर होतं. मी चाळिशीनंतर ती अक्षरं गिरवली. तू तर अजून विशीतली, तुला काय धाड भरलीय?

मंगळवारी दुपारनंतर मी घरी असतो. कोरा फॉर्म घेऊन ये, शेजारी बसवून भरायला शिकवतो. मुलांच्या फायली मात्र संस्थेबाहेर काढू नकोस, माझ्याकडंसुद्धा आणायच्या नाहीत.

तुझा,
काका