टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, ४.३ सेंमी रुंद आलीय, आता सीटी पण करायलाच लागतंय का?

व्हय भावा, करून घे. माझ्या मामांचं पण असंच झालेलं, बीपीसाठी कोल्हापुरात इको केला आणि त्यात धमनी फुगलेली दिसली, घरातल्यांचं धाबंच दणाणलं. इको वाईट नाही, पण त्यात हृदयातून निघणारा सुरुवातीचा भागच नीट दिसतो, पुढं कमान आणि पाठीकडनं खाली जाणारी धमनी फुफ्फुसातल्या हवेमुळं झाकली जाते. शिवाय प्रोब (छातीवर फिरवतात ते यंत्र) जरा तिरका धरला की माप दोन-तीन मिमी इकडंतिकडं होतंय. सीटी अँजिओत (शिरेत औषध सोडून रक्तवाहिन्यांचा सीटी) छातीपासून पोटापर्यंत सगळी नळी दिसते आणि तिच्या बरोबर काटकोनात माप घेता येतं, म्हणून ऑपरेशनचा निर्णय बहुतेक त्यावरच घेतात. ईसीजी-गेटेड (ठोक्यांशी वेळ जुळवून चित्र घेतात तो) करायला सांग, नाहीतर ठोक्यांमुळं मुळाजवळचं चित्र हलतं. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासा, कॉन्ट्रास्ट म्हणजे ते शिरेतलं औषध किडनीतनं बाहेर पडतं. वय कमी असेल आणि सारखं बघावं लागणार असेल तर एमआरआय बरा, रेडिएशन नाही. पोटातली धमनी मात्र साध्या सोनोग्राफीत पण कळते, तिथं ३ सेंमीच्या वर गेली की अ‍ॅन्युरिझम (धमनीचा फुगा) म्हणतात.

४.३ ला लगेच चिरफाड नसते, हृदयातून वर जाणाऱ्या भागाला साधारण ५.५ सेंमीला करतात, मार्फन (धमनीची भिंत कमकुवत करणारा जन्मजात आजार) असेल किंवा घरात कुणाला असा त्रास असेल तर आधीच. तोवर बीपी ताब्यात, तंबाखू बंद (मामांनी तांबडा रस्सा सोडला, तंबाखू नाही, काय बोलायचं). तपासणीची जुनी सीडी जपून ठेव, पुढच्या वेळी तुलनेला लागती. छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखं दुखलं तर अ‍ॅसिडिटी म्हणून घरात बसू नका, सरळ १०८ ला फोन.