इन्कॉग्निटो मोड आणि व्हीपीएन लावला तर बाहेरच्या वायफायवरून ऑनलाइन पैसे भरणं सुरक्षित आहे का?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात गोव्याला येताय, व्हिला बुक करायचाय, आणि प्रवासात कुठल्यातरी कॅफेच्या वायफायवरून पैसे भरावे लागले तर इन्कॉग्निटो आणि व्हीपीएन लावून भरलेले चालतील का, की वायफायवाला माहिती चोरेल.

वायफायवाला नाही चोरत हो. हे मी इतकं ठासून सांगतोय कारण तो वायफायवाला मी आहे. गोव्यात साखळी गावात माझं दुकान आहे आणि माझ्याच घरातली माणसं दोन वर्षं म्हणत होती की तुझ्या वायफायवरून पैसे गेले.

आधी दुकानाचं सांगतो. आता झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, वीजबिलं असं चालतं, पण २००४ पासून दहा वर्षं तिथे सायबर कॅफे होता, आठ कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर काय मागे राहतं आणि काय नाही हे मी रोज रात्री बंद करताना बघितलंय. पोरं घाईत उठून जायची, ऑर्कुट उघडंच, ईमेल उघडा, कोणाच्या तरी नोकरीच्या अर्जाचं पीडीएफ डेस्कटॉपवर. मी एकेक लॉगआउट करायचो, फाइली पुसायचो, कधी कोणाचं काही वाचलं नाही. २०११ ला सायबर कॅफेचे नियम आले. गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघायचं, रजिस्टरात नाव आणि वेळ लिहायची, कोणत्या साइट उघडल्या त्याची नोंद वर्षभर ठेवायची, आणि केबिनच्या फळ्या साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत. सुताराला बोलावून सगळ्या फळ्या कापून घेतल्या होत्या मी. म्हणजे कोण काय बघू शकतं हा विषय माझ्यासाठी ऐकीव नाही, त्यावर माझं पोट होतं.

तर इन्कॉग्निटो म्हणजे काय, तुमच्यानंतर त्याच खुर्चीत बसणाऱ्याला तुम्ही काय बघितलं ते दिसू नये, एवढंच. खिडकी बंद केली की हिस्टरी आणि कुकीज जातात. इंटरनेट कंपनीला, साइटवाल्याला, ऑफिसच्या नेटवर्कला तुम्ही तेवढेच दिसता जेवढे एरवी दिसता, आयपी पत्ता तोच राहतो. क्रोममध्ये हा मोड २००८ पासून आहे आणि लोकांचा गैरसमज इतका पक्का की २०२० मध्ये अमेरिकेत गुगलवर खटला झाला की खाजगी मोडमध्येही आमची माहिती गोळा करता, आणि २०२४ ला गुगलने तसल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. आमच्या कॅफेतली पोरं हा मोड वापरत असती तर माझं रात्रीचं अर्धा तासाचं काम वाचलं असतं, खरंच चांगली सोय आहे ती, पण ती खुर्चीपुरती.

आता मूळ गोष्ट. २०२२ ची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. ताई आणि भावजी पुण्याहून आले होते. भावजी आयटीत, वीस वर्षांचा अनुभव, त्यामुळे घरात कॉम्प्युटरच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, माझा नाही, कारण माझं काय, झेरॉक्सचं दुकान. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते लॅपटॉप घेऊन माझ्या दुकानात आले, घरी रेंज नीट येत नाही म्हणून. डिसेंबरात त्यांच्या ऑफिसचे मित्र येणार होते, आसगावला व्हिला बघत होते, चार रात्रींचे अठ्ठेचाळीस हजार, निम्मे आगाऊ. मी शेजारी एका मुलीचा फॉर्म भरत होतो. भावजींनी इन्कॉग्निटो उघडलं, म्हणाले त्यात रेट कमी दिसतात. व्हीपीएन, म्हणजे आपलं सगळं येणं-जाणं झाकून दुसऱ्या कंपनीमार्फत नेणारी सोय, चालूच होता. मी एकदा मान वळवून म्हटलं, भावजी, फोन करून बघा ना आधी, आसगावात माझ्या ओळखीचे आहेत, विचारतो. तर ते स्क्रीनवर साइटच्या पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर बोट ठेवून म्हणाले, "हे कुलूप बघ. एचटीटीपीएस आहे. साइट सेफ आहे." पुढे काय बोलणार, मी गप्प राहिलो. ते गप्प राहणं मला अजून लागतं.

पैसे भरायला स्क्रीनवर क्यूआर आला. त्यांनी खिशातून फोन काढला, स्कॅन केला, चोवीस हजार, पिन, झालं. फोन त्यांच्या स्वतःच्या सिमच्या डेटावर होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

डिसेंबरात टेम्पो ट्रॅव्हलर भरून माणसं आसगावला गेटवर उभी. राखणदार म्हणाला आज इथे दुसरी फॅमिली आहे, तुमचं नाव नाही. व्हिला खरा, फोटो खरे, साइट खोटी. तिच्यावरचा नंबर बंद. रात्री मित्रांना कुठल्यातरी लॉजवर झोपवावं लागलं.

आणि मग ताईचा फोन आला. मला वाटलं मदत मागेल. तर म्हणाली, "हे म्हणतात तुझ्या दुकानाच्या वायफायवरून केलं ना, तिथूनच काहीतरी हॅक झालं असणार. पब्लिक वायफाय सेफ नसतंच." आईने तेच धरलं. पुढच्या चवथीपर्यंत सगळ्या नातलगांत पसरलं की याच्या दुकानातून भावजींचे पैसे गेले. वाड्यावरच्या दोन-तीन जणांनी माझ्याकडे फॉर्म भरायला येणं बंद केलं. हे लिहिताना अजून हात थरथरतो, कारण माझ्याकडे दुसरं काही नाही, लोक आधारकार्ड आणि ओटीपी विश्वासाने सांगतात एवढंच माझं भांडवल.

ताईचा फोन आला त्याच रात्री मी बसून शोधलं होतं. कोणतं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कधी नोंदवलं ते बघता येतं, आणि कुलपामागचं जे सर्टिफिकेट असतं तेही एका उघड नोंदवहीत चढतं, कोणालाही शोधता येतं. डोमेन नोंदवलं २२ ऑगस्ट २०२२. पहिलं सर्टिफिकेट २२ ऑगस्ट २०२२. भावजींनी पैसे भरले २ सप्टेंबरला. अकरा दिवसांची साइट. पत्त्यात खऱ्या व्हिलाच्या नावाच्या मध्ये एक आडवी रेघ घातलेली आणि शेवटी डॉट कॉमच्या जागी दुसरंच काहीतरी.

कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधल्या रस्त्यात कोणी वाचू शकत नाही. ती साइट कोणाची, प्रामाणिक की भामट्याची, याबद्दल कुलूप एक अक्षर बोलत नाही. सर्टिफिकेट फुकट मिळतं, लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था २०१५ च्या अखेरपासून फुकट देते, मशीन फक्त एवढं तपासतं की मागणाऱ्याच्या ताब्यात ते डोमेन आहे की नाही. भामट्याच्या ताब्यात त्याचं स्वतःचं डोमेन असणारच ना! फुकट सर्टिफिकेट मिळणं वाईट असं मी म्हणत नाही, त्यामुळेच आज जवळपास सगळं इंटरनेट एन्क्रिप्टेड, म्हणजे मधल्याला वाचता न येणारं, झालं आणि त्यामुळेच माझ्यासारख्याच्या वायफायवर कोणाला काही चोरता येत नाही. माझ्या राउटरला फार तर साइटचं नाव कळतं, आत काय टाइप केलं ते नाही. भावजींचा व्हीपीएन चालू होता म्हणजे मला तर साइटचं नावही कळण्यासारखं नव्हतं. आणि पैसे गेले त्यांच्या फोनवरून, त्यांच्या सिमवरून. माझ्या वायफायला त्या चोवीस हजारांचा वाराही लागला नाही.

वायफायची भीती काही हवेतली नव्हती, तेही सांगतो. २०१० ला फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन आलं होतं, एकाच उघड्या वायफायवर बसलेल्याचं फेसबुक एका क्लिकवर आपल्या स्क्रीनवर उघडायचं, कारण तेव्हा बऱ्याच साइट लॉगिननंतर साध्या, बिनकुलपाच्या एचटीटीपीवर यायच्या. ती भीती बरोबर होती, त्या काळची. लोकांनी भीती तीच ठेवली आणि भामटे पुढे गेले.

२०२३ च्या चवथीला ताई-भावजी परत आले. माटोळी, म्हणजे गणपतीवर फळं टांगायची चौकट, बांधत होतो, मी वर स्टुलावर, ते खालून सुपारीचे घड देत होते, आणि काकांसमोर पुन्हा तोच विषय निघाला. मी खाली उतरलो. म्हटलं भावजी, फोन काढा, क्रोम अपडेट करा आणि कुलूप दाखवा. कुलूप नव्हतं. त्याच महिन्यात क्रोमने ते काढून टाकलं होतं, त्या जागी दोन सरकत्या बटणांसारखं सेटिंगचं चिन्ह. कारण गुगलने स्वतः सांगितलंय, २०२१ मध्ये त्यांनी लोकांना विचारलं तेव्हा कुलपाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना कळला होता. भावजींनी बराच वेळ फोन बघितला आणि म्हणाले, "पण वायफाय पब्लिकच होतं ना." मी परत स्टुलावर चढलो.

व्हीपीएनचं तुम्ही विचारलंय म्हणून. व्हीपीएन म्हणजे मधल्या माणसाची बदली. जे आधी इंटरनेट कंपनीला दिसत होतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. आपल्याकडे २०२२ ला सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपायचे, त्यावर बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. घ्यायचा तर घ्या, फुकटातला घेऊ नका. पण बंद काचांच्या गाडीतून गेलात म्हणून चुकीच्या माणसाचं घर बरोबर होत नाही.

मग बघायचं काय? पत्ता. सुरुवातीचं https:// सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग उजवीकडून वाचत या, शेवटचे दोन तुकडे हेच खरं नाव, त्याच्या डावीकडे कितीही ओळखीचे शब्द असोत. डॉट को डॉट इन सारखं असेल तर तीन तुकडे. डोमेन किती जुनं ते बघा. व्हिलाचा नंबर त्या साइटवरून घेऊ नका, नकाशावरून घ्या नाहीतर गावातल्या कोणाला विचारा, गोव्यात प्रत्येक गावात कोणी ना कोणी सांगतोच. आणि यूपीआयवर पिन टाकायच्या आधी नाव येतं ते वाचा. भावजींच्या फोनवर भलत्याच राज्यातल्या वाटणाऱ्या एका माणसाचं नाव आलं होतं, मी बघितलं होतं, ते म्हणाले मालकाचं असेल. इथे खरेच मालकही स्वतःच्या खात्यावर पैसे घेतात, म्हणून त्यांना तेवढ्यापुरता दोष देत नाही. क्रेडिट कार्ड असेल तर ते वापरा, तक्रार करून पैसे परत मिळायची निदान वाट असते. आणि फसलात तर लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन, त्याच तासात. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जायच्या आत अडवता आले तरच काही हाती लागतं. आमचे साडेतीन महिन्यांनी कळले, काही उपयोग झाला नाही.

थोडं राहिलं. मी वायफाय सुरक्षित म्हणतोय, दुसऱ्याचा कॉम्प्युटर नाही. बँकेचं काम दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कधी करू नका, माझ्याही नाही, त्यात टाइप केलेलं टिपणारं काही बसवलेलं असेल तर इन्कॉग्निटो काही करत नाही. ब्राउझरने लाल पान दाखवून सर्टिफिकेट चुकीचंय म्हटलं तर पुढे जाऊ नका, मागे फिरा. आणि वायफायला जोडताना कोणी जीमेलचा पासवर्ड मागितला तर तिथेच बंद करा, वायफायला तुमच्या जीमेलच्या पासवर्डचं काही काम नसतं. जुन्या फोनवर कित्येक वर्षं अपडेट नसेल तर माझं वरचं वायफायचं म्हणणंही तितकं पक्कं धरू नका.

ताई हे वाचेल, तिला लिंक पाठवणार आहे. २२ ऑगस्टच्या सर्टिफिकेटचा स्क्रीनशॉट माझ्या फोनमध्ये अजून आहे, पाहिजे तेव्हा दाखवतो.